हप्ता किती ते ठरलं, आता तारीख ठरवा

प्रति,
माननीय सचिव, कृषी, महिला व बालविकास आणि सामाजिक न्याय विभाग, महाराष्ट्र शासन
तसेच राज्यस्तरीय बँकर्स समितीचे सर्व सदस्य

महोदय, महोदया,

गरिबाला थेट पैसे द्यावेत की नाही, हा वाद आता जुना झाला. पीएम-किसान २०१९ पासून चालू आहे. तिच्या जोडीला राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी २०२३ मध्ये आली, लाडकी बहीण जुलै २०२४ पासून. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या पेन्शन योजना तर त्याच्याही कितीतरी आधीच्या. हे पत्र लिहिणारे आम्ही गावात अर्ज भरून देणारे, पासबुक वाचून दाखवणारे, बँकेच्या खिडकीपर्यंत सोबत जाणारे लोक आहोत. रक्कम वाढवा ही मागणी करणारे भरपूर आहेत, ते काम त्यांच्याकडे राहू द्या. आम्हाला तारखेबद्दल बोलायचे आहे.

एक घर धरून चला. दोन एकर कोरडवाहू, नवरा-बायको, ६७ वर्षांची सासू, शाळेत जाणारी दोन पोरं. सासूला श्रावणबाळचे महिन्याला १,५००, सुनेला लाडक्या बहिणीचे १,५००, सातबारा नवऱ्याच्या नावावर म्हणून पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि नमोचे ६,०००. बेरीज झाली ४८,०००. दोन एकर सोयाबीनमधून खर्च-मजुरी जाऊन एवढे हातात उरले, तर ते साल चांगले गेले म्हणायचे. म्हणजे ही रक्कम लहान नाही. तरीही हेच घर जूनमध्ये कुणाच्या तरी दारात उभे असते. का, ते पुढच्या पाच तारखांत दिसेल.

पीएम-किसानचा खरिपाच्या तोंडावरचा हप्ता २०२१ मध्ये १४ मे रोजी आला. २०२२ मध्ये ३१ मे. २०२३ मध्ये २७ जुलै. २०२४ मध्ये १८ जून. २०२५ मध्ये २ ऑगस्ट. हप्ता तोच, पेरणी तीच, आणि अंतर अडीच महिन्यांहून जास्त. कागदावर या हप्त्याचा काळ एप्रिल ते जुलै असा चार महिन्यांचा आहे. नियमाच्या दृष्टीने १ एप्रिलही वेळेवर आणि ३१ जुलैही वेळेवर. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला एकच पंधरवडा कामाचा: मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला.

त्या पंधरवड्यात काय लागते ते बघा. सोयाबीनला एकरी ३० किलो बियाणे, म्हणजे दोन एकराला ६० किलो. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना, एकरी एक धरली तर २,७००. ट्रॅक्टरची पाळी, पेरणीचे भाडे वेगळे. त्याच वेळी शाळा उघडते. पीएम-किसान आणि नमोच्या एकेका हप्त्याचे दोन-दोन हजार एकत्र मे अखेरीस खात्यात असतील, तर दोन गोण्या रोखीने येतात आणि वर १,३०० उरतात. नसतील, तर कृषी सेवा केंद्रातून उधारी. उधारीत गोणीवर छापलेली किंमत बदलत नाही, बदलतो तो गिऱ्हाइकाचा आवाज. रोख देणारा म्हणतो, 'डीएपी द्या, बाकी काही नको.' उधारीवाल्याच्या गळ्यात डीएपीसोबत नको असलेली बाटली किंवा पुडी मारली जाते. दुकानदार त्याला लिंकिंग म्हणतात, आणि उधारीवाला ते मुकाट घेतो. पुढे पीकही बहुतेक त्याच दुकानदाराच्या काट्यावर जाते.

दुकानात पत नसेल तर सावकार. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के. ५,००० घेतले तर महिन्याला २५०. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चार महिन्यांत १,०००. पीएम-किसानचा अर्धा हप्ता असा, सरकारने पाठवण्याआधीच, सावकाराच्या नावे लिहिलेला असतो. ऑगस्टमध्ये आलेले दोन हजार वाया जातात असे नाही. निंदणी, फवारणी निघते. पण जूनचे कर्ज काही त्याने टळत नाही.

दुसरी खिंड ऑक्टोबरची. कापणीची मजुरी, मळणीयंत्राचे भाडे, दिवाळी, सगळे आठ-पंधरा दिवसांत. हातात रोख नाही म्हणून सोयाबीन ओले असतानाच बाजारात जाते. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की व्यापारी भाव पाडतो, आणि आवक त्याच आठवड्यात सगळ्यांची असल्याने भाव आधीच पडलेला असतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना नेमकी याच अडचणीसाठी आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचला, सहा महिन्यांत भाव बघून विका. पण दहा-बारा पोती घेऊन गोदामापर्यंत जायला वाहन लागते, आणि मळणीवाला गोदामाची पावती घेत नाही, रोकड मागतो.

या घाईत अजून एक गोष्ट विकली जाते, तिचा हिशेब कुणी ठेवत नाही: घरचे बियाणे. सोयाबीन सरळ वाणाचे, म्हणजे संकरित नसलेले, असेल तर घरचे बी चालते. कृषी विभाग स्वतः दरवर्षी तसे सांगतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवडाभर ओल टिकवायची, सत्तर किंवा जास्त उगवले तर बी पेरण्यालायक. यासाठी ऑक्टोबरमध्ये चांगले वाळवलेले साठ-सत्तर किलो बाजूला राहायला हवे. राहत नाही, कारण ते पोतेही मळणीवाल्याचे पैसे भागवायला गेलेले असते. मग जूनमध्ये पिशवीतले बी विकत, आणि ते उधारीवर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन-चार हजार रोख हातात असले, तर ही साखळी तिथेच तुटते.

केंद्राचा हप्ता कधी सोडायचा हे आपल्या हातात नाही, हे मान्य. नमोचा आहे. आज राज्याचा हप्ता केंद्राच्या हप्त्याच्या मागे मागे चालतो, लाभार्थ्यांची यादी तिथूनच येते म्हणून. यादी मागच्या हप्त्याची घ्या आणि पैसे आपल्या तारखेला सोडा. मधल्या काळात कुणी अपात्र ठरला तर पुढच्या हप्त्यात वळते करता येते. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतू बंधू सुरू केली तेव्हा मे महिन्यात, पेरणीआधी, एकरी ४,००० दिले होते. त्या योजनेत दोष होते: मोठ्या जमीनदारालाही मर्यादेशिवाय मिळाले आणि कसणाऱ्या कुळाला मिळाले नाही. (आपल्याकडेही बटाईदाराला काहीच मिळत नाही, सातबारा नाही म्हणून. तो विषय या पत्रात मावणारा नाही.) पण हंगाम त्यांनी ओळखला होता.

आता महिन्याच्या पैशाकडे. १,५०० रुपयांत घर चालत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. पण १,५०० ठरलेल्या दिवशी येत असतील तर किराणा दुकानाची वही बदलते. 'दहा तारखेला देते' असे सुनेने सांगायचे आणि दहा तारखेला द्यायचे, असे तीन महिने झाले की दुकानदार तेल सुटे मोजून देण्याऐवजी पिशवी देतो आणि मागचे थकलेले काढत नाही. बचत गटात तिची पत वाढते. पोराला ताप आला तर आठव्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी दवाखाना. हे सगळे त्या 'दहा तारखेला'वर उभे आहे. पैसे कधी महिनाअखेर, कधी पुढच्या महिन्यात, कधी दोन महिन्यांचे एकदम आले, तर तिच्या शब्दाला किंमत राहत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लाडक्या बहिणीला नोव्हेंबरचे पैसेही आगाऊ मिळाले होते. निवडणूक तोंडावर होती. तेव्हा तारीख सांभाळणे जमत नाही, असे कृपया सांगू नये.

महिन्याचा पैसा आणि हंगामाचा पैसा ही दोन वेगळी हत्यारे आहेत, हे अभ्यासांतही दिसले आहे. केनियात गिव्हडायरेक्टली या संस्थेने दिलेल्या रोख मदतीचा जोहान्स हाउशोफर आणि जेरेमी शापिरो यांनी अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांना रक्कम महिन्याच्या हप्त्यांत मिळाली, काहींना एकरकमी. हप्त्यांवाल्यांच्या ताटात फरक पडला, एकरकमीवाल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. दारूत उडवतील म्हणणाऱ्यांसाठीही एक आहे: डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास तपासले, रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असे त्यांना आढळले नाही. तेव्हा खाण्यापिण्याचा पैसा महिन्याला आणि शेतीचा हंगामाआधी, ही वाटणी आपल्या योजनांत आधीच आहे. फक्त ती वेळेवर पाळली जात नाही.

बँकांकडे वळतो, कारण तारीख ठरली तरी पैसा पोहोचेलच असे नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ 'लिंक' आणि 'सीडिंग' या दोन शब्दांत आहे. बाई म्हणते, माझे आधार बँकेला लिंक आहे. बँकही म्हणते, आहे. तरी पैसे येत नाहीत. कारण लिंक म्हणजे बँकेने आपल्या नोंदीत आधार क्रमांक चढवला, इतकेच. थेट लाभाचा पैसा खाते क्रमांक बघत नाही. तो एनपीसीआय या बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत (मॅपरमध्ये) त्या आधारसमोर कोणती बँक लिहिली आहे ते बघून जातो, आणि एका आधारसमोर एकाच वेळी एकच बँक असते. सगळ्यात शेवटी जिथे सीडिंगची, म्हणजे या नोंदीची, संमती दिली ती. शेतकऱ्याने कधीतरी मोबाइलचे सिम घेताना अंगठा दिला आणि सोबत पेमेंट बँकेचे खाते उघडले गेले, की पुढचे अनुदान तिकडे. २०१७ मध्ये गॅसचे अनुदान असे नकळत वळल्याची प्रकरणे देशभर गाजली होती. आजही 'पैसे आले नाहीत' म्हणून येणाऱ्या पासबुकांत पैसे दुसरीकडेच पडलेले सापडतात.

तपासायला दोन मिनिटे लागतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस उघडायचे, आधार क्रमांक आणि ओटीपी टाकायचा, बँकेचे नाव आणि 'ॲक्टिव्ह' की 'इनॲक्टिव्ह' ते दिसते. चूक असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज द्यायचा. नुसती आधारची झेरॉक्स देऊन सीडिंग होत नाही, अर्जावर तसे स्पष्ट लिहून सही-अंगठा लागतो, आणि पोच घ्यायचीच. पण हे सगळे त्या ओटीपीवर अडते. आधारला जोडलेला नंबर तीन वर्षांपूर्वीचा असतो, रिचार्ज न केल्याने बंद पडून कंपनीने दुसऱ्याला दिलेला. नंबर बदलायला आधार केंद्र, ते बहुधा तालुक्याला, आणि जाण्यायेण्यात एक दिवसाची मजुरी.

अंगठ्याचेही तसेच. कापूस वेचून, ऊस तोडून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र ओळखत नाही म्हणून चार बोटे, मग दुसरा हात, मग 'उद्या या'. पीएम-किसानच्या ॲपमध्ये २०२३ पासून चेहऱ्यावरून ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) करता येते, ते काम आम्ही गावात बसून करतो आणि ते चालते. तीच सोय प्रत्येक योजनेत पहिल्या दिवसापासून हवी. २०२५ मध्ये लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत बाईसोबत पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. विधवा, टाकलेली, वडील वारलेली, या बायकांनी कुणाचा ओटीपी आणायचा हा विचार अर्जाचा नमुना ठरवतानाच व्हायला हवा होता. प्रमाणीकरण फसले म्हणून पात्र माणसाचा लाभ अडू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात म्हटलेले आहे.

पैसे आले, तरी हातात येईपर्यंत त्यातून काय काय जाते? पीककर्ज थकले म्हणून बचत खात्याला होल्ड, म्हणजे पैसे काढायला बंदी. किमान शिल्लक नाही म्हणून दंड. जनधनच्या किंवा साध्या मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक लागत नाही, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. पण बाईचे खाते मुळात त्या प्रकारचे आहे का, हे तिला कुणी सांगितलेले नसते. तसा अर्ज दिला की खाते बदलून मिळते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणखी एक कपात: पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २०, एकूण ४५६. विमा चांगला आहे, दोन्ही मिळून अपघाती मृत्यूला चार लाखांपर्यंत. खटकते ते हे, की घरात कुणाला आपण विमा घेतलाय हेच माहीत नसते, आणि माणूस गेल्यावर दावा करायला कुणी जात नाही. पासबुकावर एक ठळक शिक्का मारायला बँकेला काय जाते?

पासबुक म्हणजे दुसरे कोडे. नोंद इंग्रजी आखूड अक्षरांत, कोणत्या योजनेचे, कोणत्या महिन्याचे, काही कळत नाही. १,५०० आले म्हणजे ते श्रावणबाळचे की लाडक्या बहिणीचे, हे आम्हालाही तारखेवरून अंदाजाने सांगावे लागते. मराठीत एक ओळ पुरे: योजना, महिना, रक्कम, बँक.

गावात बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या बँकमित्राच्या टपरीवर तिसरी गळती. यंत्रावर अंगठा ठेवला, 'लागला नाही' म्हणून दुसऱ्यांदा ठेवायला लावला, पैसे एकदाच दिले, आणि नोंदी दोन. किंवा व्यवहार खरोखर फसला, पैसे कापले गेले पण हातात आले नाहीत. दुसऱ्या प्रकारात रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम स्पष्ट आहे: पाच दिवसांत पैसे परत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई मागितलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मागायची तर पावती लागते, आणि कागदाचा रोल संपलेला असतो. म्हणून आम्ही बायकांना सांगतो: अंगठा एकदाच, स्क्रीनवर रक्कम बघून, आणि पावती नसेल तर दुसरा अंगठा नाही. ऐकले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा नंबर १४४४८.

पैसे सोडल्यावर पहिले तीन दिवस बँकमित्राकडे रोकडच नसते, हेही खरे. सगळ्या राज्याला एकाच दिवशी पैसे गेले की दुसरे काय होणार? त्यामुळे सर्वांना एकच तारीख नको. आधार क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून महिन्याच्या १ ते १० मध्ये वाटून द्या. प्रत्येक बाईला आपली तारीख पाठ असेल, आणि बँकमित्राला उद्या किती रोकड लागेल हे आज कळेल.

दोन योजनांमधल्या फटींबद्दल थोडक्यात. लाडकी बहीण ६५ व्या वर्षी संपते, तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पुढे श्रावणबाळ, तिथे मर्यादा २१,०००. म्हणजे पासष्टी ओलांडताना बाई एका रात्रीत श्रीमंत ठरते. २१,००० म्हणजे किती? रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. ६८ दिवस काम केले की २१,२१६. सरकारी कामावर दोन-सव्वादोन महिने राबलेले घर सरकारी पेन्शनला अपात्र. त्यामुळे खरे उत्पन्न लिहिणारा बाहेर राहतो आणि दाखल्यावर २०,००० लिहून घेणारा आत येतो. हे तलाठ्यालाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही.

आणि नवरा गेला तर पीएम-किसान त्याच दिवशी थांबते, ते बरोबरच. पण विधवेच्या नावे वारस फेरफार होऊन, नोटीस लागून, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर करून, मग नवी नोंदणी होईपर्यंत हंगाम जातो. घरातला कमावता गेल्यावर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० मिळतात. मृत्यूचा दाखला देताना ग्रामसेवकाने त्याच टेबलावर हा अर्ज, वारस नोंदीचा अर्ज आणि संजय गांधीचा अर्ज पुढे करावा. तीन कागद, एकच बैठक.

येत्या खरिपात एका जिल्ह्यातल्या दोन कोरडवाहू तालुक्यांपुरते तरी करून बघा. एका तालुक्यात नमोचा हप्ता २५ मे आणि ५ ऑक्टोबरला, केंद्राची वाट न बघता. एप्रिलमध्येच गावनिहाय यादी ग्रामपंचायतीत लावा: कुणाचे सीडिंग कोणत्या बँकेत, कुणाची ई-केवायसी बाकी, कुणाच्या खात्याला होल्ड. दुसरा तालुका आहे तसाच राहू द्या. मग जूनअखेर दोन्हीकडच्या कृषी सेवा केंद्रांतली उधारीची खाती मोजा, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजार समित्यांत ओले सोयाबीन किती आले ते बघा, आणि पुढच्या मेमध्ये घरचे बियाणे किती घरांत आहे ते विचारा. ही मोजणी करायला आम्ही येऊ, भत्ता नको. फक्त त्या पंचवीस मेचा आदेश फेब्रुवारीतच काढा, कारण मार्च अखेरीस आपल्याकडे कुणाला वेळ नसतो आणि एप्रिलमध्ये नवे अनुदान वर्ग व्हायचे असते.

आपले,
गावोगावी अर्ज भरून देणारे आणि पासबुक वाचून दाखवणारे कार्यकर्ते